झोळीतला उजवा हात

सुमतीच्या अंगावरून वारं गेलं ते पौषात, बाळंतिणीच्या खोलीतच. मूल त्याच्या आधीच गेलं होतं. माजघरातल्या तुळईला पाळणा टांगून तयार होता, तो सासूबाईंनी कुणाला न बोलता उतरवून माळ्यावर ठेवला. कडी तेवढी तुळईला राहिली. शिमग्यापर्यंत सुमतीचं वाकडं झालेलं तोंड सरळ झालं, बोलणं सुधारलं, भिंतीच्या आधारानं ती बसायला लागली. उजवा पाय ओढत का होईना पुढं टाकायला लागली. उजव्या हाताचा खांदा हलायचा, कोपर थोडं वाकायचं, पण मनगटापासून पुढं जीव नव्हता. बोटं आत वळून मिटलेली. कुणी उघडली की तेवढ्यापुरती उघडायची, सोडली की पुन्हा मिटायची.

आणि तिचं गोपद्मांचं व्रत चालू होतं.

लग्नानंतर लगेच धरलेलं व्रत. आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत रोज सोवळ्यानं देवापुढं रांगोळीची तेहतीस गाईची पावलं काढायची, हळदकुंकू वाहायचं, मगच तोंडात पाणी घालायचं. अशी पाच वर्षं. चार निर्विघ्न झाली होती. पाचवं यंदाचं, म्हणजे कार्तिकात उद्यापन. व्रत नवऱ्याच्या आयुष्यासाठी होतं, आणि असलं व्रत मधेच मोडलं तर ज्याच्या नावानं धरलं त्याच्यावरच उलटतं, असं आपल्याकडं सगळ्या बायका मानतात. खोटं कशावरून म्हणायचं?

नवरा श्रीनिवासराव औरादच्या तहसील कचेरीत अहलकार, म्हणजे कारकून. सकाळी शेरवानी चढवून जायचे, दुपारी जेवायला यायचे, पुन्हा जायचे. उर्दूत लिहायचं काम, घरी आले तरी बोटाला शाई. बोलणं कमी. घरातलं सगळं त्यांच्या आई, सत्यभामाबाई, बघत. सत्यभामाबाईंची रांगोळी अख्ख्या गावाला ठाऊक होती. अमरेश्वराची पालखी निघायची त्या दिवशी देवळापुढचा चौक त्यांनीच भरायचा, दुसऱ्या कुणी चिमटीत रांगोळी धरायची सुद्धा न्हाई. सुमतीला गोपद्म काढायला त्यांनीच शिकवलं होतं. दोन पाकळ्या, मधे फट, पुढं निमुळतं, मागं भरीव. "गाय चालून गेल्यावाणी दिसायला पाहिजे," त्या म्हणायच्या, "उभी राहिल्यावाणी न्हाई."

वैशाखात एक दिवस त्या जेवणं झाल्यावर म्हणाल्या, "भटजींना इचारलं मी. व्रत धरणारीला जमत नसलं तर प्रतिनिधी चालतो."

"मग मी काढते की," मालती म्हणाली.

मालती ही श्रीनिवासरावांची धाकटी बहीण. गुलबर्ग्याला दिली होती. नवऱ्यानं दुसरी आणल्यावर दोन वर्षं सवतीच्या हाताखाली काढून ती माहेरी आली होती. नवरा जिता होता म्हणून कुंकू होतं, एवढंच.

"तू?" सत्यभामाबाई म्हणाल्या. "तुझं कुंकू तुझ्या नवऱ्याच्या नावाचं. तू काढलेलं पुण्य त्याला लागणार, माझ्या लेकाला कामून लागेल?"

"त्याला लागायलंय असं दिसलं की पुसून टाकीन."

"जीभ आवर. ह्याच्या आयुष्याचं व्रत ह्याच्या बायकोनंच पुरं करायचं असतं. ही न्हाई तर दुसरी."

सुमती भिंतीला टेकून बसली होती. पानात राहिलेला भात तिनं डाव्या हातानं एका बाजूला सारला.

मग सत्यभामाबाईंनी सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मन्नाएखेळ्ळीचे अच्युतराव, घर चांगलं, मुलगी उपवर, रांगोळीचा हात चांगला. आषाढातल्या नवमीचा मुहूर्त होता. तो गेला की एकादशीपासून चातुर्मास, मग थेट तुळशीचं लग्न लागेपर्यंत कुणाचं लग्न न्हाई. म्हणजे जे व्हायचं ते नवमीच्या आत. एकादशीच्या पहाटे नवी सून देवापुढं बसली पाहिजे. कार्तिकात व्रत पुरं झालं की झालं.

"आणि ह्यांचं काय म्हणणं आहे?" सुमतीनं विचारलं.

"त्याला काय म्हणणं असणार? आई सांगते ते करतो तो."

श्रीनिवासराव ओसरीवर पान लावत होते. त्यांना ऐकू गेलं असणार. अडकित्त्याचा आवाज थांबला नाही.

"आत्याबाई, मी डाव्या हातानं काढते. सवय करते."

सत्यभामाबाईंनी तिच्याकडं असं पाहिलं की तिनं हात पदराखाली घेतला. डाव्या हातानं आपण काय काय करतो ते बोलायची गरज नव्हती.

"उजव्यानं काढली तर?"

"कुठला उजवा, सुमती?" त्या हळू म्हणाल्या. थोडा वेळ त्या मिटलेल्या बोटांकडं बघत राहिल्या. "काढ. नवमीच्या आधी माझ्यासमोर तेहतीस काढून दाखव. मी अच्युतरावांना नारळ देऊन वाटेला लावते. माझं का तुझ्याशी वाकडं आहे?"

ते खरंच होतं. वाकडं नव्हतं. म्हणून तर बोलायला जागा नव्हती.

*

पहिल्यांदा मालतीनं पुरचुंडी केली. विरळ फडक्यात रांगोळी बांधली, सुमतीची बोटं उघडून त्यात ती खोचली, वरून सुतळी गुंडाळली. सुमतीनं खांद्यानं हात उचलला. हात वर आला, थरथरला आणि ओल्या धुण्यासारखा पाटावर आपटला. पुरचुंडी फुटली.

"एक गोपद्म झालं," मालती म्हणाली. "म्हशीचं."

सुमतीला हसू आलं, आणि हसता हसता तोंडाची उजवी बाजू मागं राहिली.

पण त्या आपटण्यावरून तिला एक कळलं. खांदा हात हलवू शकत होता, पेलू शकत नव्हता. वजन कुणी दुसऱ्यानं घेतलं तर हलवणं तिचं ती करणार होती. तिनं हे मालतीला सांगितलं. मालती कोपराखाली तळवा धरून बसली, तशी सुमतीनं हवेत हात पुढं नेला, मागं आणला, एक वाटोळी रेघ फिरवली. किती महिन्यांनी तो हात तिच्या मनासारखा गेला होता.

"पण वन्सं, तुम्ही धरलेला हात चालायचा न्हाई. म्हणतील दोघींनी काढली."

"व्हय. मग टांगावा लागेल."

मालतीची नजर वर गेली. सुमतीचीही गेली. माजघराच्या त्याच कोपऱ्यात देव होते, आणि देवांच्या पुढ्यातच तुळईला ती कडी होती.

मालतीनं मान खाली घातली. "दुसरीकडं खिळा मारून घेऊ, वहिनी."

सुमती कडीवरून नजर न काढता म्हणाली, "दुसरीकडं कशाला. हीच घ्या."

गोठ्याचं दार बसवायला माणिकप्पा सुतार आला होता, त्याला मालतीनं आत बोलावून हात कसा टांगायचा ते विचारलं. त्यानं उंबऱ्याबाहेरूनच पाहिलं. "अक्का, बैलाच्या पाठीचा पट्टा असतुय का न्हाई, तसला घ्या. रुंद. टोचत न्हाई." दुसऱ्या दिवशी आणूनही दिला. मालतीनं तो कडीत अडकवला, कोपर आणि मनगट त्यात ठेवलं. आणि हात तरंगला! सुमती डोळे मिटून तो नुसता झुलवत बसली. पाण्यात सोडल्यासारखं वाटत होतं.

सत्यभामाबाई देवळातून आल्या. उंबऱ्यावरच थांबल्या.

"चामडं? देवापुढं चामडं?"

पट्टा गोठ्यात गेला. माजघर सारवून घेतलं, गोमूत्र शिंपडलं, देव पुन्हा धुतले. सुमतीला परत न्हाणीत नेऊन पाणी घातलं, आणि ओल्या केसांनी ती पुन्हा भिंतीशी येऊन बसली.

"रेशमाला विटाळ न्हाई," ती मालतीला म्हणाली. "माझा शालू काढा पेटीतला."

"लग्नातला?"

"तो नेसून मी आता कुठं जायलेय?"

शालूचा पदर राहू दिला, मधली दोन हात पट्टी फाडली. फाटताना होणारा आवाज दोघींनीही ऐकून न ऐकल्यासारखा केला. त्याची झोळी चामड्यापेक्षा बरी निघाली. मऊ, आणि हात वळवला की सोबत वळायची.

*

मग रांगोळीची चिमूट. ती सगळ्यात अवघड.

चिमटीतून रांगोळी सोडायची, थांबवायची, पुन्हा सोडायची. गोपद्माच्या दोन पाकळ्यांमधे फट राहिली पाहिजे, एका पावलाहून दुसऱ्याकडं जाताना रेघ ओढली जाऊ नये. बांबूच्या नळीतून रांगोळी पडायची, पण थांबायची नाही. सुमती बसल्या जागी विचार करायची. दुसरं कामही नव्हतं. समोर देव्हाऱ्यात महादेवाची पिंड, तिच्यावर टांगलेलं तांब्याचं अभिषेकपात्र, त्याच्या बुडातून थेंब, थेंब, थेंब.

"वन्सं," ती म्हणाली, "माळ्यावर जुनं धाकटं पात्र आहे ना?"

पात्र तांब्याचं, देवाचंच. त्याला कोण नावं ठेवणार? मालतीनं बुडाचं भोक खिळ्यानं थोडं मोठं केलं. मिटलेल्या मुठीखाली ते रेशमी पट्टीनं बांधलं. आत एक सुपारी टाकली, दोऱ्यात ओवून. सुपारी आपल्या वजनानं भोकावर बसली की रांगोळी बंद. दोरा ओढला की सुपारी उचलायची आणि बारीक धार लागायची. दोऱ्याचं टोक सुमतीनं दातांत धरलं. ओढलं, धार आली. सोडलं, थांबली. तिनं एक पाकळी काढली. मग दुसरी. वाकडी होती, पण फट होती!

मालतीनं आनंदानं आईला हाक मारली. ती मारायला नको होती.

"तोंडातला दोरा? उष्ट्या दोऱ्यानं देवाची रांगोळी?" सत्यभामाबाईंनी कपाळाला हात लावला. "अगं, नैवेद्याचा वास सुद्धा घेत न्हाई आपण."

"मग आई, कशानं ओढावा? पायानं?"

"पायानं! ऐका. तीन-तीन पिढ्यांचे देव आहेत, पायानं म्हणे."

"हात न्हाई, डावा हात न्हाई, दात न्हाई, पाय न्हाई. तूच सांग मग."

"मी कामून सांगू? मी म्हटलं का काढ म्हणून?"

त्या दिवशी सुमती जेवली नाही. रात्र व्हायच्या आत मालतीनं दिवा लावला, देवापुढं ठेवला, आणि रोजच्यासारखं सुमतीला धरून नमस्काराला बसवलं. सुमतीनं मान लववली. लववून ती तशीच राहिली. मग मान वर केली. पुन्हा लववली.

"काय करायलीस, वहिनी?"

"वन्सं, नमस्कार तर चालतो ना?"

दोरा पात्रातून वर गेला, कडीशेजारी बांधलेल्या बांगडीतून ओवला आणि खाली येऊन सुमतीच्या कपाळावरच्या पट्टीला बांधला, मुंडावळ्या बांधाव्या तसा. मान लववली की दोरा ताणायचा, सुपारी उचलायची, धार लागायची. मान वर केली की बंद. पट्टी घसरायची, म्हणून मालतीनं दोऱ्याचं टोक तिच्या केसांत घालून अंबाड्यात गुंफून टाकलं. ह्याला सत्यभामाबाईंना काही म्हणता आलं नाही. देवापुढं मान लववण्यात काय चूक काढणार?

आणखी एक अडचण होती. झोळीतला हात एकाच जागी घुटमळायचा, सगळ्या पाटावर फिरायचा नाही. तर पाटच फिरवायचा. जात्याच्या वरच्या तळीवर रांगोळीचा पाट ठेवला, आणि जातं सुमतीच्या मांडीपुढं सरकवलं. तळी फिरवायला डावा हात चालत होता. दळताना दोन्ही हात लागतातच, त्या पिठाचा नैवेद्य होतो.

आता रोज पहाटे मालती तिला बांधायची. आधी खांद्याशी, मग कोपर, मग मनगट. गाठी पाठीमागं, म्हणजे सुटत नाहीत. पाठीशी भिंत, पुढं जातं, उजवा पाय जात्याच्या कडेला अडकलेला, डोकं दोऱ्याला, हात कडीला. बांधून झालं की मालती सैपाकाला लागायची आणि सुमती मान लववत, वर करत बसायची. बोटांनी काढायची रांगोळी ती खांद्यानं आणि मानेनं शिकत होती. दुपारी मान इतकी दुखायची की उशी नको व्हायची.

एकदा तेल चोळताना ती म्हणाली, "वन्सं, सवत आली की पहिल्यांदा काय होतं?"

मालतीचा हात थांबला. "पहिल्यांदा काहीच होत न्हाई. ती पाया पडते. अक्का म्हणते. तुझ्या जागेवर बसायच्या आधी इचारते, बसू का म्हणून." तिनं पुन्हा तेल घेतलं. "आणि तू बस म्हणतेस."

*

नवमीला चार दिवस राहिले असताना अच्युतराव आले, मुहूर्त पक्का करायला. दिवस ओला होता. दोन दिवस झड लागून राहिली होती, भिंतींना ओल चढली होती, वळणीवर धुणं वाळत नव्हतं. श्रीनिवासराव त्या दिवशी कचेरीत जरा लवकरच गेले.

अच्युतरावांना माजघराच्या दारात पाट दिला. जाडजूड गृहस्थ, खांद्यावर उपरणं, हातात छत्री. त्यांना ह्या परीक्षेचं कुणी सांगितलेलं नव्हतं. कोपऱ्यात झोळीत अडकवलेली बाई बघून ते आधी दचकलेच.

"हे काय, सत्यभामाबाई?"

"बसा. माझा एक शब्द गेलेला आहे सुनेला. तो पुरा होऊ द्या, मग बोलू."

सुमतीनं मनात संकल्प म्हटला आणि मान लववली.

पहिलं पाऊल उमटलं. तळी फिरवली, दुसरं. घरात पावसाच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. अच्युतराव एकदा खाकरले. पहिली ओळ झाली, दुसरी निम्मी झाली, आणि धार तुटली. सुमतीनं मान आणखी लववली. दोरा ताणला, सुपारी उचलली, पण खाली काहीच आलं नाही. मग एकदम गोळा पडला. पाकळीच्या जागी ढेकूळ.

दमट हवेनं रांगोळी ओल धरली होती.

सुमतीनं खांदा हलवला, पात्र झटकलं. आणखी एक गोळा. तिच्या कपाळावरून घाम आला, पट्टीत गेला. मालतीच्या तोंडाचं पाणी पळालं. ती पुढं आली, मग आईकडं बघून थांबली. हात लावला तर संपलं.

"असू द्या की," अच्युतराव समजुतीनं म्हणाले. "देव बघतोच आहे. झालं तेवढं पुष्कळ झालं."

सत्यभामाबाईंचे डोळे पाटावरच्या त्या गोळ्यावर होते. तोंडात काहीतरी कडू आल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

"रांगोळी तव्यावर परतून घेतली न्हाई का गं?" त्या एकदम म्हणाल्या. "ह्या दिवसांत कच्ची घेतात का कुणी? शिकवलं न्हाई मी? मालती, तवा ठेव. थांब, तू करपवशील, मीच ठेवते."

त्या उठल्याच. चुलीवर तवा टाकला, रांगोळी परतली, परातीत पसरून पदरानं वारा घातला. आणून स्वतःच्या हातानं पात्रात ओतली, सुपारी नीट बसवली, पाटावरचे गोळे पिसानं उडवले. परत जाग्यावर येऊन बसताना त्यांचं लक्ष अच्युतरावांकडं गेलं. ते टक लावून त्यांच्याकडं बघत होते. सत्यभामाबाईंनी पदर सारखा केला आणि समोर पाहिलं.

"काढ," त्या म्हणाल्या.

धार केसासारखी बारीक आली. सुमती लववत गेली, फिरवत गेली. शेवटच्या ओळीला तिची मान कापायला लागली होती, तरी पाकळ्या सुटल्या नाहीत. शेवटचं पाऊल झालं तेव्हा सत्यभामाबाई उठून पाटाशी आल्या. वाकून, एकेक बघत, ओठ हलवत मोजलं. मग एका जागी थांबल्या.

"हे जरा उभं राहिलंय," त्या म्हणाल्या. "बाकीच्या चालल्यात."

मग दाराकडं वळून म्हणाल्या, "अच्युतराव, यंदा योग न्हाई."

"म्हंजे?" ते उभे राहिले. "मला मन्नाएखेळ्ळीहून चिखलातून बोलावलं ते कळसूत्री बाहुलीचा खेळ दाखवायला? दोरीला टांगलेल्या बाईच्या भरवशावर मुलाचं आयुष्य ठेवता?"

"रेघ बघा," सत्यभामाबाई म्हणाल्या. "बाहुलीची रेघ अशी येत न्हाई."

"माझ्या मुलीचं नाव गावात झालं, त्याचं काय?"

अच्युतरावांनी छत्री उचलली आणि जोड्यात पाय घातले.

"अहो, पान वाढलंय. जेवून जा."

"ह्या घरचं पाणी सुद्धा नको."

ते पायऱ्या उतरले. दुपारच्या वेळी, वाढलेल्या पानावरून पाहुणा उपाशी निघाला. चातुर्मास तोंडावर आलेला. सत्यभामाबाई तशाच, पायात काही न घालता मागं धावल्या. "मालती, चल! त्यांना थांबव, माझं ऐकायचे न्हाईत! नारळ घे!" मालतीनं एकदा सुमतीकडं पाहिलं. सुमती म्हणाली, "जा, वन्सं." दोघी पावसात गेल्या. मारुतीच्या देवळापर्यंत त्यांच्या हाका ऐकू येत होत्या, मग त्याही थांबल्या.

*

सुमती एकटी राहिली.

झालं होतं. नवमी जाईल, एकादशी येईल, कार्तिकापर्यंत कुणी ह्या घरात अक्का म्हणत येणार नाही. तिनं ते मनात दोनदा म्हणून पाहिलं. आनंद व्हायला पाहिजे होता. तो येत होता, पण मानेच्या खालूनच कुठूनतरी परत जात होता. कारण मान फार दुखत होती. ती जरा खाली गेली आणि सुपारी उचलली. पाटावर एक ठिपका पडला.

तिनं झटकन मान वर केली.

तेहतीसच पाहिजेत. जास्त नाही, कमी नाही. सासूबाई परत येऊन पुन्हा बघणार, आणि त्यांच्यामागून कदाचित अच्युतरावही. झोळीतला हात बरोबर पाटाच्या मधोमध लोंबत होता. डावा हात मागं नेऊन तिनं गाठ चाचपली. बोटं खांद्यापर्यंत पोचली, गाठीपर्यंत पोचली नाहीत. अंबाड्यातला दोरा ओढून पाहिला तर केसच ओढले गेले, आणि पुन्हा थोडी रांगोळी सांडली. पात्राच्या तोंडाशी डावा हात धरता आला असता. पण कुणी बघत नव्हतं म्हणून तो हात तिथं न्यायचा, हे तिला जमेना. पाय जात्याच्या कडेला बधिर झाला होता.

मान खाली घालायची नाही, एवढंच आता तिच्या हातात होतं. ह्या घरात आल्यापासून ती कधी इतका वेळ मान वर करून बसली नव्हती.

ओसरीवर पावलं वाजली. श्रीनिवासराव. छत्री टेकवल्याचा आवाज, घसा खाकरल्याचा आवाज. ते माजघराच्या दारात आले. भिजलेली शेरवानी, हातात टोपी.

एरवी ते दारात आले की तिची नजर आपोआप जमिनीला लागायची. आज ती लावता येत नव्हती. तिनं सरळ त्यांच्या तोंडाकडं पाहिलं. कानशिलाजवळचे त्यांचे केस पांढरे झाले होते. कधी झाले?

"सगळे कुठं गेले?"

"पाहुण्यांच्या मागं. ते न जेवता गेले."

"म्हंजे..." त्यांनी पाटाकडं पाहिलं. "काढलीस?"

"काढली."

"सगळी?"

"मोजा."

त्यांनी मोजली नाहीत. उंबऱ्याच्या अलीकडंच उभे राहिले.

"मला सोडा," सुमती म्हणाली. "मान राहायली न्हाई."

त्यांचा पाय उचलला आणि थांबला. अंगावर कचेरीची शेरवानी, रस्त्याचा चिखल. आत सोवळं, देव, व्रताचा पाट. "मला शिवता येणार न्हाई," ते म्हणाले. "आई येईपर्यंत थांब. आत्ता येईल."

"तुम्हाला पाहिजे होती का ती?"

"कोण?"

"मन्नाएखेळ्ळीची."

ते टोपी हातात फिरवायला लागले. "आईनं ठरवलं होतं. मी न्हाई म्हणालो न्हाई, एवढंच."

"ते मला ठाऊक आहे. मी दुसरं इचारलं."

मान आता थरथरत होती. खाली जाऊ नये म्हणून तिनं ती मागं भिंतीला टेकवली. त्यामुळं ती त्यांच्याकडं आणखीच रोखून बघतेय असं दिसत असणार. श्रीनिवासरावांनीच मान खाली घातली. पाटावरच्या पावलांकडं बघत राहिले.

"हे सगळं रोज बांधून घेतेस?" शेवटी त्यांनी विचारलं.

"रोज. आणि आता एकादशीपासून कार्तिकापर्यंत. तुमच्यासाठीच."

ते वळले आणि निघून गेले. परसाकडचं दार करकरलं. सुमतीला वाटलं, गेले. जेवणाची वेळ झाली की हात-पाय धुवायला जातात तसे गेले.

मग विहिरीवरचं चाक वाजलं. पोहरा खाली गेला, वर आला. पाणी दगडावर पडल्याचा आवाज झाला, तांब्याभर नव्हे, अख्ख्या पोहऱ्याचा. पुन्हा पोहरा. त्यांना पडसं लवकर होतं, पावसाळ्यात ते कधी थंड पाण्यानं आंघोळ करत नाहीत.

"सोवळं कुठंय?" त्यांनी बाहेरून ओरडून विचारलं.

"वळणीवर. पण वाळलं न्हाई," सुमतीनं भिंतीला डोकं टेकवूनच सांगितलं. "ओलेत्यानंच या."

चाक पुन्हा वाजायला लागलं. मानेतून कळ खांद्यात उतरत होती, आणि ती मान वर ठेवून पोहरा वर येण्याची वाट बघत राहिली.